पिक्चर गंडला, ट्रिप वसूल!

समजा, एका पिक्चरची तुम्ही सोळा वर्षं वाट बघताय. सोळा दिवस नाही, सोळा वर्षं! आधीचा भाग पाहिला तेव्हा तुम्ही प्राथमिक शाळेत होता, आता नोकरीला लागलात. एकदाची तारीख जाहीर होते. अजून सहा महिने. इतकी वर्षं काढली, सहा महिने काय चीज आहे, असं तुम्ही म्हणता. आणि तेवढ्यात कळतं, की ज्याच्या शेजारी बसून तुम्ही आधीचे सगळे भाग पाठ होईपर्यंत पाहिले, ज्याच्याशी एकेका सीनवरून तावातावाने भांडलात, त्या मित्राच्या हातात तेवढे सहा महिने नाहीत.

काय कराल?

सफरचंदं घेऊन भेटायला जाल, 'काळजी घे रे' म्हणाल, बाहेर येऊन गाडीवर बसून रडाल. शहाणी माणसं एवढंच करतात. पण 'फॅनबॉईज' नावाच्या सिनेमातली पोरं शहाणी नाहीत. ती फॅन आहेत. ती एक खटारा व्हॅन काढतात, आजारी दोस्ताला आत बसवतात आणि ओहायोहून निघतात थेट कॅलिफोर्नियाला. जाताना साधारण ४००० किलोमीटरचा रस्ता. कशासाठी? तर तो अजून कुणीच न पाहिलेला पिक्चर जिथे ठेवलाय, तिथे घुसून तो दोस्ताला दाखवायचा!

२००९ मध्ये आलेला हा छोटासा अमेरिकन विनोदी सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला नसेल. थिएटरमध्ये तो आला कधी नि गेला कधी, तिकडच्या लोकांनाही कळलं नाही. समीक्षकांनी तर धुतलाच. तरीही सायन्स फिक्शनच्या चाहत्यांमध्ये तो आजही आठवणीने पाहिला जातो. त्यामागे पडद्यावरची एक गोष्ट आहे आणि पडद्याबाहेरची एक. दोन्ही सांगतो. (स्पॉयलर अलर्ट: शेवटही सांगणार आहे. पण हा सिनेमा शेवट माहीत असला म्हणून बिघडत नाही.)

वेड म्हणजे काय, १९९८

आधी थोडं त्या काळात जाऊ. पहिला 'स्टार वॉर्स' आला मे १९७७ मध्ये. तिसरा, 'रिटर्न ऑफ द जेडाय', मे १९८३ मध्ये. त्यानंतर पडद्यावर शुकशुकाट. पोरांनी खेळणी जमवली, कॉमिक्स वाचली, व्हीएचएसच्या कॅसेट झिजवल्या, आणि ती मोठी झाली. मग बातमी आली, की जॉर्ज ल्युकस 'एपिसोड वन: द फँटम मेनेस' घेऊन येतोय. तारीख १९ मे १९९९.

आज एखाद्या पिक्चरचा टीझर येतो, मग टीझरचा टीझर येतो, मग ट्रेलर, मग ट्रेलरवर रिअॅक्शन देणाऱ्यांचे व्हिडिओ येतात. तेव्हा असलं काही नव्हतं. नोव्हेंबर १९९८ मध्ये 'एपिसोड वन'चा पहिला ट्रेलर थिएटरमध्ये दुसऱ्याच सिनेमांच्या आधी लावला गेला. ब्रॅड पिटचा 'मीट जो ब्लॅक' हा त्यातलाच एक. लोकांनी त्याची तिकिटं काढली, दोन मिनिटांचा ट्रेलर पाहिला आणि मुख्य पिक्चर सुरू व्हायच्या आत उठून निघून गेले. बिचारा ब्रॅड पिट! पुढे १९९९ च्या एप्रिलमध्येच हॉलीवूडच्या प्रसिद्ध चायनीज थिएटरबाहेर लोकांनी रांग लावली. पिक्चर मेमध्ये. म्हणजे काही आठवडे फुटपाथवर मुक्काम. लालबागच्या राजाच्या नवसाच्या रांगेत उभं राहणारेही ऐकून हात जोडतील!

'फॅनबॉईज'ची गोष्ट सुरू होते ती याच काळात, १९९८ च्या हॅलोविनच्या रात्री. चार मित्र. एरिक बापाच्या गाड्यांच्या शोरूममध्ये चिकटलाय. टाय लावतो, मोठं झाल्यासारखं वागतो. लायनस एकेकाळी त्याचा सगळ्यात जवळचा दोस्त होता, दोघं मिळून कॉमिक्स काढायचे. आता धड बोलणं नाही. हच हा बोलबच्चन, व्हॅन त्याची. विंडोज हा कॉम्प्युटरवाला, इंटरनेटवर भेटलेल्या, कधीच न पाहिलेल्या मुलीच्या प्रेमात. आणि झोई, कॉमिक्सच्या दुकानात काम करणारी, या सगळ्यांपेक्षा डोकं जास्त असलेली. तुमच्या ग्रुपमध्ये यातला एकेक नमुना नक्की असणार. नसेल तर तो तुम्ही स्वतःच आहात.

एरिकला कळतं की लायनसला कॅन्सर आहे आणि मे महिना तो बघणार नाही. मग लहानपणी ठरवलेला एक येडचाप प्लॅन बाहेर निघतो: स्कायवॉकर रँचवर धाड.

मुक्काम पोस्ट रिव्हरसाइड

स्कायवॉकर रँच ही खरीखुरी जागा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मरीन काउंटीतल्या टेकड्यांमध्ये ल्युकसने १९७८ पासून जमीन घेत घेत हा पसारा उभा केला. आजूबाजूची जमीन धरून जवळपास ४७०० एकर! आत ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ, द्राक्षाचे मळे, तळं, स्वतःचा अग्निशमन बंबसुद्धा. पर्यटकांना प्रवेश नाही. फॅनच्या दृष्टीने ही पंढरीच, पण दार बंद असलेली. आणि एक गंमत ऐका. तिथे जाणाऱ्या रस्त्याचं नाव आहे 'लुकस व्हॅली रोड'. पण ते नाव जॉर्ज ल्युकसवरून पडलेलं नाही! त्याच्या कितीतरी आधीच्या एका वेगळ्याच लुकसवरून ते चालत आलंय. ही गोष्ट कुठल्याही फॅनला सांगून बघा, तो म्हणेल, 'हा योगायोग नाही, हा फोर्स आहे.'

वाटेत पोरं वाकडी वाट करून जातात आयोवातल्या रिव्हरसाइडला. हेही खरं गाव आहे, आणि त्याची गोष्ट पिक्चरइतकीच भारी आहे. 'स्टार ट्रेक' या मालिकेचा नायक कॅप्टन कर्क हा आयोवातल्या एका छोट्या गावात जन्माला येणार, एवढंच तिच्या कर्त्याने लिहून ठेवलं होतं. गावाचं नाव दिलं नव्हतं. १९८५ मध्ये रिव्हरसाइडकर म्हणाले, मग आमचंच गाव का नको? आणि त्यांनी जाहीर करून टाकलं, की कर्कचं भावी जन्मस्थान हेच! तिथे तसा दगडही बसवलाय. त्यावर जन्मतारीख आहे २२ मार्च २२२८. जन्माला यायच्या दोनशेहून जास्त वर्षं आधीच माणसाचं स्मारक! दरवर्षी जूनमध्ये जत्रा भरते, ती वेगळीच. आपल्याकडे थोर माणूस नेमका कुठे जन्मला यावरून दोन गावं भांडतात. इथे तर माणूस अजून जन्मायचाय.

आता 'स्टार वॉर्स'वाले 'स्टार ट्रेक'वाल्यांच्या गावात गेले म्हटल्यावर काय होणार? तेच होतं. हाणामारी. बाहेरच्या माणसाला दोन्हीत फरक काय ते कळणार नाही. दोन्हीत तारे, दोन्हीत यानं, दोन्हीत लांब कानांचे लोक. पण पुण्यात उभं राहून मिसळ कोल्हापूरची चांगली की नाशिकची, असं विचारून बघा. बाहेरच्याला दोन्ही तिखटच लागतात!

पुढे टेक्सास, मग लास वेगस, वाळवंट, तुरुंग, हॉस्पिटल. विंडोजची ऑनलाइन प्रेयसी दहा-बारा वर्षांची चिमुरडी निघते आणि त्याची पळता भुई थोडी होते. रँचचा नकाशा हाती देणारा रहस्यमय माणूस निघतो विल्यम शॅटनर, म्हणजे खुद्द 'स्टार ट्रेक'चा कर्क. लायनसला तपासणारी डॉक्टर आहे कॅरी फिशर, म्हणजे प्रिन्सेस लेया. कोर्टातला न्यायाधीश बिली डी विल्यम्स, म्हणजे लँडो. डार्थ मॉलचं काम केलेला रे पार्क इथे रँचचा सुरक्षारक्षक. ल्युकसने या पोरांच्या पिक्चरला परवानगी दिली म्हणून हे जमलं. देवळात चोरी करायला निघालेल्यांना पुजाऱ्यानेच किल्ली द्यावी, तसा हा प्रकार.

सगळे विनोद आज चालतील असं मात्र नाही. मुलींवरचे आणि समलिंगी लोकांवरचे काही जोक तर तेव्हाही शिळे होते, आता खटकतात. झोईसारखी हुशार मुलगी हाताशी असताना लेखकांनी तिला बहुतेक वेळ पोरांना सोडवून आणायच्या कामाला लावलंय. हे खटकलं तर ते तुमचं चुकत नाही. पण एवढ्यावर पिक्चर बंद करू नका.

'आजार काढा, जोक ठेवा'

आता पडद्याबाहेरची गोष्ट. ही जास्त इंटरेस्टिंग आहे.

'फॅनबॉईज' लिहिला अर्नेस्ट क्लाइन आणि अॅडम गोल्डबर्ग यांनी, मूळ कथेत डॅन प्युलिकचाही वाटा. हा क्लाइन म्हणजे पुढे 'रेडी प्लेअर वन' ही कादंबरी लिहिणारा, जिच्यावर स्टीव्हन स्पीलबर्गने २०१८ मध्ये सिनेमा केला. स्वतः इतका पक्का फॅन, की 'बॅक टू द फ्युचर'मधल्यासारखी डीलोरियन गाडी त्याने खरंच विकत घेतली. दिग्दर्शक काइल न्यूमन हाही त्याच माळेचा मणी. २००६ मध्ये शूटिंग झालं. २००७ मध्ये पिक्चर येणार होता. नाही आला. २००८ ची तारीख पडली. तीही हुकली.

कारण? ज्यांच्या हातात पिक्चर होता त्या वाइनस्टीन कंपनीला वाटलं, की कॉमेडीत कॅन्सर कशाला? लोक हसायला येतात, त्यांना रडवायचं कशाला? मग दुसरा दिग्दर्शक आणून नवे सीन शूट केले गेले आणि लायनसचा आजार कापलेली आवृत्ती तयार झाली. म्हणजे गोष्ट तीच, व्हॅन तीच, मारामारी तीच. फक्त कुणी आजारी नाही. चार धडधाकट पोरं सहा महिने थांबवत नाही म्हणून चोरी करायला निघालीत.

क्षणभर विचार करा. आजार काढला की काय उरतं? चार आगाऊ टोणगे! विनोद तेच राहतात, पण हसू बदलतं. आधी आपण त्यांच्याबरोबर हसत होतो, आता त्यांना हसतो. 'बघा ही फॅन मंडळी, काय येडी असतात!' एवढाच पिक्चर उरतो. कंपनीला फॅन म्हणजे जोक वाटत होते. आणि हा पिक्चर सांगत होता, की जोक आहेच, पण त्याच्या पोटात काहीतरी आहे.

हे बाहेर फुटलं आणि फॅन मंडळी पेटली. 'डार्थ वाइनस्टीन' अशा नावाने कंपनीच्या मालकाविरुद्ध, हार्वी वाइनस्टीनविरुद्ध मोहीम सुरू झाली. (हा तोच निर्माता. २०१७ मध्ये त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले आणि पुढे न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं. पण ते नंतरचं.) कंपनीच्या ऑफिसात ई-मेलचा पाऊस पडला. मार्च २००८ मध्ये त्यांचा 'सुपरहिरो मूव्ही' येणार होता, त्यावर बहिष्कार टाकायच्या घोषणा झाल्या. कंपनीने आधी दोन्ही आवृत्त्या डीव्हीडीवर आणू वगैरे सांगून बघितलं. फॅन हटले नाहीत. शेवटी ६ फेब्रुवारी २००९ रोजी पिक्चर आला, तो लायनसच्या आजारासकट.

लक्षात घ्या, ही माणसं स्वतःच्या आवडत्या हिरोसाठी भांडत नव्हती. ल्युकसच्या पिक्चरसाठीही नाही. एका छोट्या, अजून न पाहिलेल्या सिनेमातल्या मरणाऱ्या पोराला मरू द्या, म्हणून भांडत होती! असं का?

कारण त्यांना ते पोरगं माहीत होतं. या मोहिमेत '५०१वी लीजन' नावाच्या संघटनेतले लोक होते. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात सुरू झालेली ही चाहत्यांची फौज. स्टॉर्मट्रूपर, डार्थ व्हेडर, म्हणजे 'स्टार वॉर्स'मधल्या व्हिलन लोकांचे पोशाख हे लोक घरी, आपल्या हातांनी बनवतात. आणि ते घालून जातात कुठे? मुलांच्या हॉस्पिटलांमध्ये. त्यांच्या संस्थापकाच्याच लहानग्या मुलीला मेंदूचा कर्करोग झाला, तेव्हा रोबो बनवणाऱ्या फॅन लोकांनी तिच्या सोबतीसाठी आर टू-डी टूचा गुलाबी भाऊबंद तयार केला. २००५ मध्ये ती मुलगी गेली. तो गुलाबी ड्रॉइड आजही मुलांना भेटायला फिरतो, आणि २०१५ च्या 'द फोर्स अवेकन्स'मध्येही तो दिसतो. अशा लोकांना कुणी सांगत होतं, की फॅन आणि कॅन्सर एका गोष्टीत बसत नाहीत!

आणि मग ते खरंच घडलं

'फॅनबॉईज' आल्यानंतर सहा वर्षांनी, २०१५ मध्ये, टेक्सासमधल्या एका बत्तीस वर्षांच्या तरुणाला डॉक्टरांनी सांगितलं की आता फार दिवस नाहीत. तो लहानपणापासूनचा 'स्टार वॉर्स' फॅन. 'द फोर्स अवेकन्स' यायचा होता डिसेंबरात. त्याच्या बायकोने आणि मित्रांनी सोशल मीडियावर हाक दिली: याला पिक्चर आधी दाखवा. हाक पसरली. ल्यूक स्कायवॉकर साकारणारा मार्क हॅमिल आणि नव्या पिक्चरचा नायक जॉन बोयेगा यांनीही ती उचलून धरली. आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला डिस्नेने होकार दिला. पूर्ण एडिट न झालेली आवृत्ती त्याच्या घरी नेऊन त्याला दाखवण्यात आली. त्यानंतर काही दिवसांतच तो गेला.

व्हॅन लागली नाही, भिंतीवरून उडी मारावी लागली नाही. पण गोष्ट तीच. जगातला सगळ्यात जास्त गुप्त ठेवलेला पिक्चर एका माणसासाठी बाहेर काढला गेला. सिनेमात जे अचाट वाटतं, ते प्रत्यक्षात झालं. कारण कुणीतरी त्याच्यासाठी धावपळ केली.

फॅन कुणाचा?

इथपर्यंत सगळं गोड गोड झालं. आता जरा कडू.

रॉजर एबर्ट हे अमेरिकेतले मोठे समीक्षक. त्यांनी 'फॅनबॉईज'ला चारपैकी दीड स्टार दिला. त्यांचा आक्षेप पिक्चरपेक्षा फॅन लोकांवर होता. असे पुष्कळ फॅन खरं तर आपल्या फॅनगिरीचेच फॅन असतात, असा त्यांचा सूर होता. गंमत म्हणजे एबर्ट स्वतः शाळकरी वयात सायन्स फिक्शनच्या हौशी मासिकांत लिहायचे. म्हणजे टोला घरातल्याच माणसाने हाणलाय. तो झोंबला, तर झोंबू द्या. कारण त्यात तथ्य आहे.

बघा, १९ मे १९९९ ला 'द फँटम मेनेस' आला. ९० कोटी डॉलरहून जास्त कमावले. आणि सोळा वर्षं थांबलेल्या फॅन लोकांपैकी अनेकांचा हिरमोड झाला. हिरमोड झाला, तर म्हणायचं पिक्चर गंडला, चहा प्यायचा, घरी जायचं. पण तेवढ्यावर थांबलं नाही. जार जार बिंक्स या विनोदी पात्रावर लोक तुटून पडले. ते काम करणारा अहमद बेस्ट तेव्हा विशीतला कलाकार. २०१८ मध्ये त्याने जाहीरपणे सांगितलं, की त्या द्वेषाने तो आत्महत्येच्या विचारापर्यंत पोहोचला होता. हेही फॅन लोकांनीच केलं. तेच टी-शर्ट, तेच लाइटसेबर.

म्हणजे वेड एकच, पण त्याची तोंडं दोन. एक तोंड पडद्याकडे: मला जे हवं होतं ते दिलं नाही, आता तुला सोडत नाही. दुसरं तोंड शेजारच्या खुर्चीकडे: तुला आवडलं का रे? पहिल्याला पिक्चर चांगला निघणं गरजेचं असतं. दुसऱ्याला नसतं.

आज तर पहिलं तोंड फारच मोठं झालंय. एखादा सुपरहिरो पिक्चर आवडला नाही तर त्यातल्या नटीच्या कमेंट बॉक्समध्ये जाऊन घाण ओकणारे आपल्या आजूबाजूलाच आहेत. क्रिकेटमध्ये कॅच सुटला की खेळाडूच्या घरच्यांना शिव्या घालणारेही तेच. त्यांना विचारा, तर म्हणतील, 'मी खरा फॅन आहे, म्हणून राग येतो.' खरा फॅन कुणाचा, हे एकदा आरशात बघून ठरवायला हवं.

तीच वाट, दुसरे वाटसरू

'फॅनबॉईज' आवडला तर त्याच वाटेवरचे आणखी दोन पिक्चर सांगतो. 'पॉल' (२०११) मध्ये सायमन पेग आणि निक फ्रॉस्ट हे दोन इंग्रज दोस्त अमेरिकेत येतात, सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनला हजेरी लावतात आणि मोठी गाडी भाड्याने घेऊन जिथे जिथे उडत्या तबकड्या दिसल्याच्या कहाण्या आहेत, तिथे तिथे फिरायला निघतात. आणि वाटेत त्यांना खरोखरचा एलियन भेटतो. तो सिगारेट ओढतो, टोमणे मारतो आणि या दोघांपेक्षा जास्त माणसात आहे. आयुष्यभर ज्याची स्वप्नं बघितली ते समोर आलं की पहिल्यांदा माणूस बेशुद्ध पडतो, हे त्यातलं सत्य अगदी खरं आहे.

दुसरा 'प्लीज स्टँड बाय' (२०१७). हा कॉमेडीपेक्षा हळवा जास्त. डकोटा फॅनिंगने साकारलेली वेंडी ही ऑटिझम असलेली तरुणी. तिने 'स्टार ट्रेक'ची पटकथा लिहिली आहे, स्पर्धेसाठी. पोस्टाची वेळ हुकते, म्हणून ती कुणालाही न सांगता आपलं कुत्रं घेऊन लॉस एंजेलिसला निघते. एकटी. वाटेत ती एका पोलिसाला घाबरून लपून बसते. तो काही केल्या तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. आणि मग तो तिच्याशी बोलायला लागतो क्लिंगॉनमध्ये. 'स्टार ट्रेक'मधल्या परग्रहवासीयांच्या भाषेत! ती बाहेर येते. जगात कुठेही बोलली न जाणारी भाषा, पण अनोळखी पोलीस त्या एका क्षणात तिचा गाववाला होतो. परमुलखात कानावर अचानक मराठी पडलं की आपण वळून बघतो ना, तसंच.

तिन्ही पिक्चरमध्ये एक गोष्ट सारखी आहे. पोहोचायचं ठिकाण भन्नाट असतं, पण लक्षात राहते गाडी. आणि गाडीत कोण होतं, ते.

शेवटची रांग

तर आपली पोरं शेवटी स्कायवॉकर रँचवर पोहोचतात. भिंत ओलांडतात, पकडली जातात. ल्युकस स्वतः दिसत नाही, फोनवरून निरोप येतो. हे खरे फॅन आहेत की चोर, हे ठरवायला त्यांची प्रश्नमंजूषा घेतली जाते. ('स्टार वॉर्स'वर तोंडी परीक्षा! आपल्या इंजिनीअरिंगच्या व्हायवापेक्षा अवघड.) पोरं पास होतात. पण पिक्चर बघायची परवानगी एकालाच मिळते. लायनस आत जातो. बाकीचे बाहेर थांबतात.

इथे एकदा थांबून बघा. ही सगळी पोरं सोळा वर्षं उपाशी आहेत. पिक्चर दाराच्या पलीकडे सुरू आहे. इतक्या लांबून आलीत, मार खाल्लाय, तुरुंगात बसलीत. आणि ती दाराबाहेर शांत बसतात. कारण ती ज्यासाठी आली होती ते काम झालेलं असतं.

मग येतो १९ मे १९९९. थिएटरबाहेर रांग. लायनस गेलाय. एरिक आता शोरूममध्ये नाही, तो कॉमिक्स काढतो. सगळे आत जाऊन बसतात, दोस्ताच्या नावाने दोन घोट घेतात. दिवे मंदावतात. आणि अगदी शेवटी एरिकच्या मनात शंका येते: आणि समजा, पिक्चर बेकारच निघाला तर?

पिक्चर संपतो! थिएटरमध्ये यावर सगळे खो खो हसतात, कारण २००९ च्या प्रेक्षकाला उत्तर माहीत असतं. पण हसून झाल्यावर लक्षात येतं, की उत्तर काहीही असलं तरी फरक पडत नाही. तो पिक्चर कसा होता, यावर लायनसचं आयुष्य वाया गेलं की सार्थकी लागलं हे ठरणार नव्हतं. ते त्या व्हॅनमध्येच ठरून गेलं होतं.

अजून एक गंमत. ज्या 'द फँटम मेनेस'ला मोठ्यांनी शिव्या घातल्या, तो त्या वेळच्या आठ-दहा वर्षांच्या मुलांना भयंकर आवडला होता. ती मुलं आता मोठी झालीत. २०२४ च्या मे महिन्यात पिक्चरला पंचवीस वर्षं झाली म्हणून तो पुन्हा थिएटरात लागला, तेव्हा तीच प्रेमाने बघायला गेली, काही जण आपली मुलं घेऊन. त्यांच्यासाठी तो चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. तो त्यांनी कुणाबरोबर तरी पाहिलाय. बस.

तुम्हीही आठवून बघा. 'एंडगेम'चा पहाटेचा शो आठवतो? पिक्चरमध्ये कोण कधी मेलं हे कदाचित विसरला असाल. पण रिक्षात पाच जण कसे कोंबले होते, कोण टॉवेलनेच तोंड पुसत आलं होतं, कोण इंटरव्हलला समोशासाठी पैसे मागत होतं आणि कोण पुढच्या सीटवरच्या काकांसमोर ढसाढसा रडलं, हे लख्ख आठवत असेल.

त्यातला एखादा आता दुसऱ्या शहरात असेल. एखादा एरिकसारखा टाय लावून फिरत असेल, बोलणं तुटलं असेल. कुणी खरंच आजारी असेल, आणि तुम्ही 'भेटू रे एकदा' म्हणून चार वेळा टाळलं असेल. व्हॉट्सअॅपवर 'गोवा फायनल' नावाचा एक ग्रुप असेल, ज्यात शेवटचा मेसेज दीड वर्षापूर्वीचा वाढदिवसाचा केक असेल.

यंदा तुमच्या आवडीचा जो कुठला पिक्चर येईल, त्याचं तिकीट एकट्याने बुक करू नका. त्याला फोन करा. मेसेज नको, फोन. पिक्चर गंडला तर गंडला. शेजारची खुर्ची भरलेली असली की झालं.